थायरॉईडची गोळी घेणाऱ्याचा प्रत्येक खोकला थायरॉईडचा नसतो

आमच्या मोठ्या जाऊबाई, ज्यांना घरात सगळे माई म्हणतात, दिवाळीपासून खोकत होत्या. कोरडा, घशात टोचणारा खोकला. अंथरुणाला पाठ टेकली की सुरू व्हायचा. होळीपर्यंत घराला त्या आवाजाची सवय होऊन गेली. मग एका सकाळी त्या दुकानात आल्या आणि काउंटरवर फोन ठेवून म्हणाल्या, "सापडलं बाई कारण. हा थायरॉईडचाच खोकला आहे. पंधरा दिवस झाले, मी थायरॉईडची पन्नासची गोळी एकीऐवजी दोन-दोन घेऊन राहिली." बोलता बोलता त्यांनी हात छातीवर ठेवला. धडधडत होतं.

फोनवरचा तो मजकूर तोवर माझ्याही तीन ग्रुपांवर येऊन गेला होता. नागपुरात सक्करदऱ्यातल्या आमच्या औषधाच्या दुकानात मी २२ वर्षं उभी आहे, आणि त्या एका आठवड्यात चार जणी मला त्यावरूनच काहीबाही विचारून गेल्या. मजकुराचा सारांश असा: थायरॉईड मंद असलेल्यांचा जुना खोकला थायरॉईडचाच असतो, कारण ग्रंथी सुजून श्वासनळी दाबते. रिपोर्ट नॉर्मल आला तरी त्यावर विसंबू नका, गोळी वाढवून बघा. ज्यांना गोळीनेच खोकला होतो त्यांनी ती बंद करून एकवीस दिवस धण्याचं पाणी प्यावं. मूळ कमतरता आयोडीनची आहे, म्हणून आयोडीनचे थेंब सुरू करा. एक्स-रे आणि थुंकी तपासण्यात पैसे घालवू नका.

मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. निदान करणं माझं काम नव्हे. पण कोणती गोळी पोटात गेल्यावर काय करते हे मला ठाऊक आहे. या मजकुरातलं एकेक वाक्य माणसाला खऱ्या कारणापासून कसं लांब नेतं, ते मी रोज बघते आहे.

"जुना खोकला थायरॉईडचाच असतो"

यात खरं किती आहे ते आधी सांगते, कारण थोडं आहे. थायरॉईड फार मंदावलेलं असेल आणि उपचार झालेला नसेल तर स्वरयंत्राच्या पडद्यांना सूज येते, आवाज घोगरा होतो, माणूस सारखा घसा खाकरत राहतो. आजार अगदीच बळावला तर फुप्फुसाभोवती किंवा हृदयाभोवती पाणी साचू शकतं, आणि त्यात धाप आणि खोकला दोन्ही येतात. घशाच्या ऑपरेशनमध्ये ग्रंथी काढल्यामुळे ज्यांचं थायरॉईड मंद झालं, त्यांच्यापैकी काहींच्या स्वरयंत्राच्या नसेला इजा झालेली असते. मग पाणी पितानाही ठसका लागतो. इंग्लंडमध्ये लेस्टरच्या डॉक्टरांनी २००३ साली आणखी एक गोष्ट नोंदवली. ज्यांच्या जुन्या खोकल्याचं कुठलंच कारण सापडत नव्हतं, अशा रुग्णांमध्ये थायरॉईडसारखे स्वयंप्रतिकाराचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचे, आजार अपेक्षेपेक्षा जास्त आढळले. म्हणजे संबंध असू शकतो. पण तो अभ्यास बाकीची सगळी कारणं तपासून झालेल्या, मूठभर रुग्णांचा होता. आपण ते तपासणंच वगळून थेट शेवटच्या पानावर जातो.

आता दुसरी बाजू. देशातल्या आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांचं थायरॉईड मंद आढळलं होतं. जो आजार नऊ-दहा जणांत एकाला आहे, त्या एकाला दमा होणार, सर्दी घशात उतरणार, पित्त वर येणार, बीपीची गोळी सुरू होणार. हे सगळं इतरांना होतं तसंच त्यालाही होणार. आठ आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेल्या खोकल्याला डॉक्टर जुना खोकला म्हणतात. त्याची नेहमीची कारणं म्हणजे नाकातला स्राव घशात उतरणं, दमा, अन्ननलिकेतून आम्ल वर येणं, धूम्रपान, आणि काही औषधं. थायरॉईडचं नाव या रांगेत बरंच मागे येतं.

माईंचं कारण शेवटचं निघालं. त्यांची बीपीची गोळी दसऱ्याच्या सुमारास बदलली होती. नव्या गोळीचं नाव रामिप्रिल. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल अशा, शेवटी 'प्रिल' येणाऱ्या गोळ्या ज्या एन्झाइमला अडवतात, तेच एन्झाइम श्वासमार्गात ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ मोडत असतं. तो मोडला गेला नाही की साचतो आणि घसा खवखवतो. शंभरातल्या पाच ते वीस जणांना याने कोरडा खोकला होतो, बायकांना जास्त. गोळी सुरू केल्या दिवशी होईल किंवा कित्येक महिन्यांनी होईल, त्यामुळे दोन्हींचा मेळ कोणाला लागत नाही. माईंनी थायरॉईडच्या डॉक्टरांना बीपीची गोळी बदलल्याचं सांगितलं नव्हतं आणि बीपीच्या डॉक्टरांना खोकल्याचं. दोन्ही चिठ्ठ्या एकत्र मी तरी कधी पाहिल्या होत्या? पाच महिने तो खोकला आमच्या घरात होता, आणि गोळ्यांचं पाकीट दर महिन्याला माझ्याच हातून जात होतं. याचं मला अजून वाईट वाटतं.

डॉक्टरांनी रामिप्रिल थांबवून टेल्मिसार्टन दिली. त्या गटातल्या गोळ्या वेगळ्या जागी काम करतात, त्यामुळे हा खोकला सहसा होत नाही. खोकला चौथ्या आठवड्यात थांबला. काहींना त्यासाठी तीन महिनेही लागतात. हे वाचून कोणी आपली बीपीची गोळी स्वतःच बंद करू नये, एवढं हात जोडून सांगते. फोन करून डॉक्टरांना विचारा, बदलून देतात.

पित्ताचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, म्हणून त्यावर जरा थांबते. थायरॉईड मंद असलं की आतड्यांची चाल मंदावते, वजन वाढतं, आणि आम्ल वर यायला वाव मिळतो. त्यात आपलं नागपूर. रात्री साडेदहाला सावजीचा रस्सा, अकराला झोप. छातीत जळजळ झालीच पाहिजे असंही नाही. कित्येकांना नुसता घशात काही अडकल्यासारखा भास, सकाळी आवाज बसलेला आणि आडवं झालं की खोकला, एवढंच होतं. मग कोणी तरी पॅन्टोप्राझोल सुरू करतं. पॅन्टोप्राझोल पोटातलं आम्ल कमी करते, आणि थायरॉईडची गोळी नीट विरघळायला तेच आम्ल लागतं. गोळी कमी शोषली जाते, दोन महिन्यांनी टीएसएच (रक्त तपासणीतला आकडा, थायरॉईड कमी पडलं की तो वाढतो) वाढून येतो, आणि घरातले म्हणतात, "पाहा, थायरॉईड बिघडलं होतं म्हणूनच खोकला होता." खरं तर खोकला आधीचा होता, आणि त्याच्यावर घेतलेल्या औषधाने टीएसएच हलला. हे मी एकदा नाही, वर्षातून पाच-सहा वेळा बघते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांचंही तसंच. त्या आणि थायरॉईडची गोळी यांत चार तासांचं अंतर हवं. आणि गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घेऊन निदान अर्धा ते एक तास थांबायचं असतं. गोळी, पाठोपाठ चहा आणि वर तर्री-पोहे, अशी सकाळ असेल तर डोस किती का लिहिलेला असेना, पोहोचतो त्याहून कमी.

दमा म्हटलं की लोकांना शिट्टीसारखा आवाज आणि धाप आठवते. पण नुसत्या खोकल्याचा दमा असतो. रात्री दोन-तीन वाजता उठवणारा, हसल्यावर, थंड हवेत, धुळीत उसळणारा. फुंकर मारण्याच्या साध्या तपासणीने तो कधीकधी कळतो. आणि आपल्या शहरात त्याला खतपाणी घालणाऱ्या गोष्टी कमी नाहीत. मार्चमध्ये माळ्यावरून उतरवलेला कूलर, गेल्या वर्षीच्याच ताट्या, टाकीतलं न बदललेलं पाणी. पंखा सुरू केला की कुबट वास येतो, ती बुरशी असते आणि रात्रभर थेट तोंडावर येते. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडे राहणाऱ्यांच्या गच्चीवरची राख, सिमेंट रस्त्यांची धूळ, पावसाळ्यानंतर मोकळ्या प्लॉटवर माजलेलं गाजर गवत, भिवापूर-उमरेडकडे मिरचीच्या सातऱ्यांवर देठं तोडायला जाणाऱ्या बायकांच्या नाकातोंडात जाणारी ती झणझणीत धूळ. डॉक्टर खोकल्याबद्दल विचारतात तेव्हा हे सांगायला हवं. बायका सांगतात ते एवढंच, "मला थायरॉईड आहे ना."

इन्हेलरला आपल्याकडे 'पंप' म्हणतात आणि पंप लागला म्हणजे माणूस संपला असं मानतात. त्यामुळे पंपाची चिठ्ठी माझ्या काउंटरवरून परत जाते आणि खोकल्याच्या सिरपच्या बाटल्या संपत राहतात. पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट श्वासनळीत जातं. सिरप दम्याच्या सुजेला हातही लावत नाही.

"ग्रंथी सुजून श्वासनळी दाबते"

काहींच्या बाबतीत हो. मोठा गलगंड, विशेषतः छातीच्या हाडामागे उतरलेला, श्वासनळीवर भार टाकू शकतो. त्याच्या खुणा निराळ्या असतात: आडवं झाल्यावर जीव घुसमटणं, घास अडकणं, दोन्ही हात डोक्यावर नेले की चेहरा लालबुंद होणं. मंद थायरॉईडच्या बहुतेक रुग्णांना हाशिमोटो नावाचा स्वयंप्रतिकाराचा आजार असतो. त्यात ग्रंथी थोडी वाढलेली असते, नेहमीच्याच आकाराची असते किंवा वर्षानुवर्षं आक्रसत गेलेली असते. ती सहसा श्वासनळी दाबत नाही. शंका असेल तर मानेची सोनोग्राफी आणि छातीचा एक्स-रे यांत बरंचसं कळतं. गाठ झपाट्याने वाढत असेल, किंवा आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसलेला असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जायला उशीर करू नका. खर्रा खाणाऱ्यांनी आणि बिडी ओढणाऱ्यांनी तर मुळीच नको, कारण तिथे स्वरयंत्राचा कॅन्सर नाही ना हे आधी बघावं लागतं.

"रिपोर्ट नॉर्मल आला तरी गोळी वाढवून बघा"

हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण माईंनी नेमकं तेच केलं. टीएसएच ठीक असताना गोळी वाढवली तर खोकल्यावर काही होत नाही. जे होतं ते हृदयावर आणि हाडांवर. छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते, घाम येतो. वय साठीच्या पुढे असेल तर हृदयाचे ठोके कायमचे अनियमित होण्याची भीती असते, आणि त्यातून पक्षाघातापर्यंत जाता येतं. पाळी गेलेल्या बायकांची हाडं विरळ होतात ते वेगळंच. माईंचं वय ६१. त्यांच्या जुन्या रिपोर्टात टीएसएच २.८ होता, म्हणजे पन्नासची गोळी आपलं काम चोख करत होती.

शिवाय या गोळीचा हिशेब हळू चालतो. लेव्होथायरॉक्सिनचं, म्हणजे थायरॉईडच्या गोळीतल्या औषधाचं, शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला सुमारे सात दिवस लागतात. म्हणून डोस बदलला की टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी तपासतात. "आठ दिवस दोन घेऊन बघते" या बघण्यातून काहीच कळत नाही. आणखी एक सांगते, केस गळतात म्हणून पुष्कळ जणी बायोटिनच्या गोळ्या घेतात. त्याने थायरॉईडच्या काही रक्त तपासण्यांचे आकडे चुकीचे येतात. रक्त द्यायच्या आधी दोन दिवस त्या थांबवाव्यात, आणि लॅबमध्ये तसं सांगावं.

"गोळीनेच खोकला होतो, बंद करून एकवीस दिवस धण्याचं पाणी घ्या"

लेव्होथायरॉक्सिन म्हणजे ग्रंथी स्वतः बनवते तेच थायरॉक्सिन हे संप्रेरक, गोळीच्या रूपात. खोकला हा त्याचा ओळखीचा दुष्परिणाम नाही. गोळीच्या रंगाची किंवा भराव्याची ॲलर्जी क्वचित कोणाला होते, पण ती अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं अशी दिसते, आणि तेव्हा डॉक्टर दुसऱ्या कंपनीची किंवा बिनरंगाची गोळी देतात.

एकवीस दिवसांचा आकडा कुठून आला ते मला माहीत नाही, पण तो का पटतो ते सांगता येतं. गोळी थांबवल्यावर शरीरातला साठा आठवड्याला निम्मा होत उतरतो. पहिले दोन-तीन आठवडे माणसाला फारसं काही जाणवत नाही. धण्याचं पाणी सुरू आहे, गोळी बंद आहे आणि तब्येत बरी आहे, तेव्हा श्रेय धण्याला जातं. सुस्ती, बद्धकोष्ठ, चेहऱ्यावरची सूज हे पुढे येतं, आणि तोवर एकवीस दिवसांचा अनुभव दहा ग्रुपांवर फिरून झालेला असतो. मला धण्याचं वावडं नाही, उन्हाळ्यात आम्हीही पितो. पण त्यात थायरॉक्सिन नाही. आणि पोटुशी बाई हे करू लागली तर भोगणारं बाळ असतं, कारण पहिल्या तीन महिन्यांत त्याच्या मेंदूला लागणारं संप्रेरक बहुतांशी आईकडूनच येतं.

"मूळ कमतरता आयोडीनची"

एकेकाळी देशाच्या मोठ्या भागात ही कमतरता होती. म्हणूनच १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि मिठात आयोडीन आलं. प्रौढ माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, गर्भवतीला २५०. आयोडीनयुक्त मीठ नेहमीच्या स्वयंपाकात वापरलं तर ते बहुतेकांना मिळतं. ज्या पाच टक्के लुगोल द्रावणाचे थेंब घ्यायला सांगतात, त्याच्या एका थेंबात सहा मिलिग्रॅमहून जास्त आयोडीन असतं, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या चाळीस पट. हाशिमोटोच्या ग्रंथीवर एवढा मारा केला तर ती आणखी मंदावते. जुन्या पद्धतीच्या काही कफमिश्रणांत पोटॅशियम आयोडाइड असे, आणि दीर्घकाळ घेतल्यावर त्यानेही थायरॉईड मंद झाल्याच्या नोंदी आहेत. खोकल्याच्या औषधाने थायरॉईड बिघडावं, असंही घडू शकतं.

हृदयाचे ठोके नियमित करायला दिली जाणारी अमिओडारोन ही गोळीही इथेच येते. तिच्या वजनाचा ३७ टक्के भाग आयोडीन असतो. तिने थायरॉईड मंद होऊ शकतं, आणि तिनेच फुप्फुसाला इजाही होऊ शकते, जिची पहिली खूण कोरडा खोकला आणि चालताना लागणारी धाप असते. अमिओडारोन घेणाऱ्या माणसाने "थायरॉईडचा खोकला असेल" म्हणून घरी बसणं फार महागात पडतं.

"एक्स-रे आणि थुंकीवर पैसे घालवू नका"

आपल्या देशात दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर टीबीची तपासणी करायची, हा सरकारी कार्यक्रमाचा साधा नियम आहे. थायरॉईड असो वा नसो. ही तपासणी नागपूरच्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांत आणि सरकारी आरोग्य केंद्रांत फुकट होते, औषधंही फुकट मिळतात. म्हणजे पैसे घालवण्याचा मुद्दा तिथेच संपतो.

आणखी एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मंद थायरॉईडमध्ये वजन वाढतं. खोकल्याबरोबर वजन उतरत असेल, संध्याकाळी कणकण येत असेल, रात्री उशी घामाने भिजत असेल किंवा थुंकीत रक्ताची रेघ दिसली असेल, तर ते थायरॉईड मंद असण्याशी जुळत नाही आणि थांबायला वेळ नाही. उमरेड रोडकडून येणाऱ्या आमच्या एक गिऱ्हाईक काकू गेल्या वर्षी अशाच बारीक होत गेल्या. थायरॉईडची गोळी "आता कुठे लागू पडून राहिली" म्हणून त्या खूश होत्या. मी त्यांना वजनकाट्यावर उभं केलं; तीन महिन्यांत सात किलो उतरले होते. दुसऱ्या दिवशी मुलगा त्यांना मेडिकलमध्ये घेऊन गेला. थुंकीत टीबी निघाला.

सहा महिन्यांचा उपचार त्यांनी एक दिवस न चुकवता पूर्ण केला. त्या काळात त्यांची थायरॉईडची गोळी ७५ वरून १०० करावी लागली. टीबीच्या औषधांतलं रिफॅम्पिसिन लिव्हरला थायरॉक्सिन लवकर मोडायला लावतं, त्यामुळे टीएसएच वाढला होता. डॉक्टरांनी तो मोजून डोस वाढवला, उपचार संपल्यावर पुन्हा मोजला आणि परत ७५ वर आणला.